अनवाणी धाव आणि पातळ तळाचे बूट

विषयप्रवेश

१० सप्टेंबर १९६० रोजी सायंकाळी रोम येथे ऑलिंपिक स्पर्धांतील मॅरॅथॉन शर्यत झाली. ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराच्या ह्या शर्यतीत इथिओपियाच्या सम्राटाच्या रक्षक दलातील अबेबे बिकिला नावाचा सैनिक पहिला आला. त्यास २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद लागले. एवढ्या अल्प वेळात हे अंतर तोपर्यंत कोणीही कापले नव्हते. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती गोष्ट निराळीच होती. रोमच्या दगडी व डांबरी रस्त्यांवरून बिकिला आरंभापासून अखेरपर्यंत अनवाणी धावला होता.

चार वर्षांनी, म्हणजे १९६४ साली, टोकियो येथे तोच बिकिला पुन्हा मॅरॅथॉन जिंकला. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेस तेव्हा जेमतेम पाच-सहा आठवडेच लोटले होते. तरीही त्याने २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. ह्या वेळी मात्र त्याच्या पायांत बूट होते.

रोमची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, ‘धावण्यास बुटांची गरज नाही.’ टोकियोची हकीकत ऐकून दुसरा म्हणेल, ‘बूट घातल्याने तोच धावपटू तीन मिनिटे अगोदर पोहोचला.’ ही दोन्ही अनुमाने सदोष आहेत. दोन शर्यतींमध्ये चार वर्षांचे अंतर होते. रस्ता निराळा, हवामान निराळे आणि धावणाऱ्याची तयारीही निराळी होती. एका मनुष्याच्या दोन शर्यतींवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही.

प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. आपल्या देशातील असंख्य मुले शाळेच्या मातीच्या मैदानावर अनवाणी धावतात. पुष्कळांच्या बाबतीत तो आवडीचा नव्हे, तर परिस्थितीचा भाग असतो. दुसरीकडे, शहरांतील हौशी धावपटू ‘अनवाणी चालीचे’ म्हणून विकले जाणारे पातळ तळाचे बूट चांगली किंमत देऊन विकत घेतात. ह्या दोघांपैकी कोणाच्या पायास लाभ होतो व कोणाच्या पायास धोका संभवतो, हे समजून घेण्यासाठी प्रथम पावलाची रचना पाहिली पाहिजे.

पावलाची रचना

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. मागील भागात टाचेचे मोठे हाड, मध्यभागी लहान लहान हाडांचा समूह, पुढे पाच लांबट प्रपदास्थी आणि त्यांच्यापुढे बोटांची हाडे, अशी ही मांडणी असते. पावलाचा जो पुढील रुंद भाग बोटांच्या मुळाशी भूमीवर टेकतो त्यास आपण चवडा म्हणतो.

ही हाडे सपाट फळीप्रमाणे जोडलेली नसून कमानीच्या आकारात जोडलेली असतात. कमान आवळून धरण्याचे काम तळव्यातील बळकट पट्टे व लहान स्नायू करतात. मागील बाजूस पोटरीचे स्नायू निमुळते होत जाऊन एका जाड कंडरेने टाचेस जोडलेले असतात. ह्या कंडरेस घोडशीर म्हणतात.

कमान आणि घोडशीर ह्या दोन्हींत स्प्रिंगचा गुण असतो. पाय भूमीवर टेकून शरीराचा भार त्यावर आला म्हणजे कमान किंचित दबते व घोडशीर ताणली जाते. पाय उचलताना दोन्ही पूर्ववत होतात आणि साठविलेली ऊर्जा परत देतात. १९८७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी ह्याचे मापन प्रसिद्ध केले. सुमारे ७० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावत असता प्रत्येक पावलागणिक सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची देवघेव होते. तींपैकी सुमारे ३५ ज्यूल घोडशिरेत आणि सुमारे १७ ज्यूल पावलाच्या कमानीत साठतात, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे जी ऊर्जा एरवी स्नायूंना नव्याने निर्माण करावी लागली असती, तिचा अर्धा भाग ह्या दोन स्प्रिंगांकडून परत मिळतो.

ह्याशिवाय तळव्याच्या त्वचेत स्पर्श व दाब ओळखणारी असंख्य मज्जातंतूंची टोके असतात. भूमी कठीण आहे की मऊ, सपाट आहे की उतरती, ह्याची वार्ता ती क्षणोक्षणी मेंदूस कळवितात, आणि त्याप्रमाणे गुडघा व घोटा आपली ठेवण बदलतात. पाऊल हे केवळ भार वाहणारे साधन नव्हे. ते ज्ञानेंद्रियाचेही काम करते.

पाऊल भूमीवर कसे टेकते?

धावताना पाऊल भूमीवर उतरविण्याच्या तीन रीती आहेत. प्रथम टाच टेकणे, ही पहिली. टाच व चवडा एकदम टेकणे, ही दुसरी. आणि प्रथम चवडा टेकून मग टाच खाली येणे, ही तिसरी.

ह्या रीतींमधील भेद समजण्यास क्रिकेटचे उदाहरण उपयोगी पडेल. वेगाने येणारा चेंडू झेलताना कसलेला खेळाडू हात मागे घेतो. चेंडूचा वेग शून्यावर आणावयाचाच असतो, परंतु तो किंचित अधिक वेळात आणल्यामुळे तळहातास बसणारा आघात कमी होतो. हात ताठ धरल्यास तोच चेंडू तळहात झोंबवितो.

टाचेवर उतरणाऱ्या पायाचे बरेचसे साम्य ताठ धरलेल्या हाताशी असते. त्या क्षणी घोटा फारसा दबत नाही, त्यामुळे नडगीसह पायाचा खालचा भाग एकाएकी थांबतो. भूमीकडून येणाऱ्या बलाचा आलेख काढला तर पहिल्या ५० सहस्रांश सेकंदांतच एक टोकदार शिखर दिसते. त्याची उंची शरीराच्या वजनाच्या दीड ते तीनपट असू शकते. चवड्यावर उतरणाऱ्या पायात घोटा हळूच दबतो, टाच खाली येते आणि पोटरीचे स्नायू त्या हालचालीस आवर घालतात. हे मागे घेतलेल्या हातासारखे होय. ह्या आलेखात ते पहिले टोकदार शिखर बहुधा दिसत नाही.

तथापि येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे. आरंभीचा आघात टळला, तरी पाऊल भूमीवर असण्याच्या मध्यकाळात पायावर येणारे बल शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतेच. शरीर तेच, वेग तोच. तेव्हा तो भार कोठे तरी पेललाच पाहिजे. टाचेवर उतरणाऱ्याच्या पायात त्याचा मोठा वाटा गुडघ्याकडे जातो. चवड्यावर उतरणाऱ्याच्या पायात तो पोटरी, घोडशीर आणि प्रपदास्थी ह्यांच्याकडे जातो. भार नाहीसा होत नाही. तो केवळ जागा बदलतो. ह्या पुस्तिकेतील पुढील सर्व विवेचन ह्या एका तत्त्वाभोवती फिरते.

हा भार किती वेळा येतो, ह्याचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. ताशी १० किलोमीटर वेगाने धावणाऱ्याचे एक पाऊल अदमासे एक मीटर अंतर कापते. म्हणजे ५ किलोमीटरांच्या धावेत दोन्ही पायांची मिळून ५,००० पावले पडतात. प्रत्येक पायाच्या वाट्यास २,५०० येतात. ५० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याच्या प्रत्येक पायावर १२५ किलोग्रॅम वजनाइतका भार एका धावेत अडीच हजार वेळा येतो. जागेत झालेला अल्पसा बदलदेखील इतक्या पुनरावृत्तीमुळे महत्त्वाचा ठरतो.

बुटांत गादी कशी आली?

मनुष्य पादत्राणे फार प्राचीन काळापासून वापरीत आला आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात फोर्ट रॉक येथील गुहेत १९३८ साली झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या. त्या सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या वा त्याहून जुन्या आहेत. परंतु ही पादत्राणे काटे, खडे, थंडी व उष्णता ह्यांपासून रक्षण करण्यापुरतीच होती. त्यांत आघात शोषणारी गादी नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धावपटूंचे बूटही पातळ तळाचेच असत.

१९६० नंतरच्या काळात, विशेषतः १९७० नंतर, अमेरिकेत व युरोपात प्रौढ लोक आरोग्यासाठी रस्त्यांवर धावू लागले. त्यांच्या सोयीसाठी टाचेखाली जाड, मऊ गादी असलेले बूट तयार झाले. अशा बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारणतः १० ते १२ मिलिमीटर उंच असते. पाऊल आत वा बाहेर कलू नये म्हणून त्यांत कठीण आधारही बसविले जातात. मऊ गादीमुळे टाचेवर उतरणे सुखावह होते. १५ किलोमीटरांच्या टप्प्यावर टिपलेल्या चित्रफितींवरून जपानी संशोधकांनी २००७ साली असे दाखविले की, एका अर्धमॅरॅथॉन शर्यतीत पाहिलेल्या २८३ धावपटूंपैकी सुमारे ७५ टक्के टाचेवर उतरत होते.

इतके करूनही धावणाऱ्यांच्या दुखापती थांबल्या नाहीत. त्यामुळे गादी हाच उपाय की गादी हेच कारण, अशी शंका काही अभ्यासकांना येऊ लागली.

पातळ तळाच्या बुटांचा उदय

२००४ साली नेचर ह्या नियतकालिकात डेनिस ब्रॅम्बल व डॅनिएल लीबरमन ह्यांनी असे प्रतिपादन केले की, दीर्घ अंतर धावण्याची क्षमता ही मानवजातीच्या उत्क्रांतीत महत्त्वाची ठरली असावी. जर मनुष्य लक्षावधी वर्षे बुटांवाचून धावत आला असेल, तर बुटांवाचून धावताना पाऊल कसे पडते हे पाहिले पाहिजे, हा पुढचा प्रश्न होता. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातील ह्याच लीबरमन ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातील व अमेरिकेतील धावपटूंची तुलना प्रसिद्ध केली. अनवाणी धावण्याची सवय असलेले धावपटू बहुधा चवड्यावर किंवा संपूर्ण पावलावर उतरत. आणि कठीण भूमीवरही त्यांच्या पायांस बसणारा आरंभीचा आघात बूट घालून टाचेवर उतरणाऱ्यांपेक्षा कमी असे.

ह्याच सुमारास, २००९ साली, क्रिस्टोफर मॅकडूगल ह्यांच्या ‘बॉर्न टू रन’ ह्या पुस्तकामुळे मेक्सिकोतील रारामुरी अथवा तारहुमारा लोकांची कीर्ती जगभर पसरली. हे लोक टायरच्या तुकड्यांचे तळ व चामड्याचे बंद असलेल्या साध्या चपला घालून डोंगरवाटांवर फार लांबवर धावतात. पुस्तकाने वाचकांवर मोठा प्रभाव पाडला, आणि पातळ तळाच्या बुटांची मागणी एकदम वाढली. इटलीतील व्हिब्रम कंपनीचे, हातमोज्याप्रमाणे प्रत्येक बोट निराळे असलेले बूट ह्या काळात विशेष गाजले.

पातळ तळाचा बूट नेमका कशास म्हणावे, ह्याविषयी प्रारंभी एकमत नव्हते. २०१५ साली ११ देशांतील ४२ तज्ज्ञांनी मिळून त्याची व्याख्या ठरविली. जो बूट पावलाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी व्यत्यय आणतो, तो ह्या वर्गातील होय. बूट किती हलका आहे, किती लवचिक आहे, त्याचा तळ किती पातळ आहे, टाच व चवडा ह्यांच्या उंचीत किती अल्प फरक आहे आणि पाऊल आवरून धरणारे आधार त्यात किती कमी आहेत, अशा पाच कसोट्यांवर बुटास गुण दिले जातात. अर्थात ‘अनवाणी’ आणि ‘बूट’ असे दोनच वर्ग नसून त्यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत.

लाभाची बाजू

पातळ तळाच्या बुटांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला लाभ पावलाच्या स्नायूंचा. गादी व आधार ह्यांच्या साहाय्यावाचून चालताना व धावताना तळव्यातील लहान स्नायूंना अधिक काम करावे लागते आणि ते बळकट होतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आठ आठवडे पातळ तळाचे बूट घालून नुसते चालणाऱ्यांच्या पावलांचे स्नायू, पावलांचे विशेष व्यायाम करणाऱ्यांच्या इतकेच सुधारलेले आढळले. येथे ‘चालणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हा लाभ मिळविण्यास धावणे आवश्यक नव्हते.

दुसरा लाभ गुडघ्याचा. अनवाणी धावताना पावले आखूड पडतात व ती अधिक वेगाने पडतात. पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता खालीच पडते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मापनात, अनवाणी धावताना गुडघ्याच्या वाटीमागील सांध्यावरील कमाल ताण बूट घालून धावण्याच्या मानाने सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांचा गुडघा समोरील बाजूस दुखतो त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय आहे.

तिसरा लाभ वजनाचा. पायाच्या टोकाशी असलेले वजन प्रत्येक पावलास पुढे-मागे हलवावे लागते. प्रत्येक पायावर १०० ग्रॅम वजन वाढले की धावण्यास लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते. हलका बूट ह्या खर्चात बचत करतो.

बालवयातील पावलांविषयी आपल्या देशातच झालेला एक अभ्यास जगभर उद्धृत केला जातो. १९९२ साली कर्नाटकातील वैद्यकीय संशोधकांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवा असणाऱ्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी राहणाऱ्या मुलांत ते २.८ टक्के होते. पुढचा भाग बंद असलेल्या बुटांत हे प्रमाण चपलांपेक्षा अधिक होते. ह्यावरून बालपणी पावलास मोकळीक मिळणे कमानीच्या वाढीस हितकर असावे असे दिसते. तथापि हा अभ्यास धावण्याविषयी नव्हता, आणि सपाट तळवा असलेल्या बहुतेक मुलांना त्यापासून कसलाही त्रास होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांस घट्टे पडतात, त्यामुळे स्पर्शज्ञान मंदावत असेल, अशी समजूत होती. २०१९ साली केनियातील लोकांच्या पाहणीत असे आढळले की, जाड घट्ट्यांमुळे तळव्याचे रक्षण होते, परंतु त्याचे स्पर्शज्ञान कमी होत नाही. जाड गादीच्या बुटास हे दोन्ही एकदम साधत नाही.

हानीची बाजू

आता दुसरी बाजू पाहू.

पायाचे स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ शकतात. परंतु कंडरा व हाडे ह्यांना नव्या भाराशी जुळवून घेण्यास अनेक महिने लागतात. धावपटूस उत्साह वाटू लागतो तो स्नायूंच्या बळावर. दुखापत होते ती मागे राहिलेल्या हाडास वा कंडरेस. २०१३ साली अमेरिकेत ३६ हौशी धावपटूंवर केलेल्या प्रयोगात ह्याचे स्पष्ट चित्र दिसले. त्यांपैकी एका गटाने १० आठवड्यांत क्रमाक्रमाने बोटांच्या पातळ बुटांत धावण्यास सुरुवात केली. दुसरा गट नेहमीच्या बुटांत धावत राहिला. एम.आर.आय. यंत्राने दोन्ही गटांच्या पावलांची चित्रे घेतली, तेव्हा पहिल्या गटातील अर्ध्याहून अधिक व्यक्तींच्या पावलांतील हाडांच्या मगजात सूज वाढलेली आढळली. अशी सूज ही हाडावर पेलवण्यापलीकडे ताण येत असल्याची खूण असते, आणि दुर्लक्ष केल्यास तिची परिणती हाडास सूक्ष्म तडा जाण्यात होऊ शकते.

२०१४ साली १० किलोमीटरांच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या धावपटूंचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडण्यात आले: नेहमीचे बूट, काहीसे पातळ बूट आणि अगदी पातळ बूट. बारा आठवड्यांत ९९ धावपटूंमध्ये २३ दुखापती नोंदल्या गेल्या. सर्वाधिक प्रमाण काहीसे पातळ बूट घालणाऱ्यांत होते. अगदी पातळ बूट घालणाऱ्यांना नडगी व पोटरी ह्यांची वेदना अधिक झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६१ धावपटूंवरील २६ आठवड्यांच्या अभ्यासात असे दिसले की, शरीराचे वजन जितके अधिक तितका पातळ बुटांतील दुखापतीचा धोकाही वाढतो.

ऊर्जेच्या हिशेबातही एक अनपेक्षित गोष्ट आढळली. कोलोरॅडो विद्यापीठात २०१२ साली अनवाणी धावण्याचा सराव असलेल्या १२ धावपटूंवर प्रयोग झाला. हलके बूट आणि अनवाणी पाय ह्यांची तुलना करताना पायांना शिशाच्या पट्ट्या बांधून वजन सारखे करण्यात आले. वजन सारखे असता बूट घालून धावण्यास ३ ते ४ टक्के ऊर्जा कमी लागली. गादी नसताना आघात आवरण्याचे काम स्नायूंना करावे लागते आणि त्याचीही किंमत मोजावी लागते, असा ह्याचा अर्थ लावण्यात येतो.

‘नैसर्गिक’ रीत एकच असते, हे गृहीतही पुढे टिकले नाही. उत्तर केनियातील दासानाच हे लोक जन्मापासून अनवाणी असतात. २०१३ साली त्यांच्यातील ३८ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दीर्घ अंतरासाठी सोयीच्या वाटणाऱ्या वेगाने धावताना ७२ टक्के वेळा प्रथम टाचच टेकत असल्याचे दिसले. वेग वाढल्यावर मात्र हे प्रमाण घटले. रारामुरी लोकांच्या २०१४ सालच्या अभ्यासात पातळ चपला घालणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक टाचेवर उतरत नव्हते. अनवाणी वा जवळजवळ अनवाणी धावणाऱ्या ह्या दोन जमातींच्या रीती भिन्न निघाल्या. वेग, भूमी, अंतर व सवय ह्या सर्वांवर पाऊल कसे पडेल हे अवलंबून असते.

एका दाव्याची कसोटी

पातळ तळाच्या बुटांच्या जाहिरातींत पायाचे स्नायू बळकट होतात व दुखापती कमी होतात, असे दावे केले जात. ह्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, अशी तक्रार घेऊन अमेरिकेतील ग्राहक २०१२ साली न्यायालयात गेले. व्हिब्रम कंपनीने आपला दोष मान्य केला नाही. परंतु २०१४ साली तडजोड करून ग्राहकांच्या भरपाईसाठी ३७ लक्ष ५० हजार डॉलर ठेवण्याचे मान्य केले.

ह्या प्रकरणातून घेण्याजोगा बोध असा की, ‘आरंभीचा आघात कमी होतो’ हे एक विधान आहे आणि ‘दुखापती कमी होतात’ हे दुसरे. पहिले प्रयोगशाळेत मोजता येते. दुसरे सिद्ध करण्यास शेकडो धावपटूंवर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. असा एक प्रयत्न २०१६ साली प्रसिद्ध झाला. २०१ धावपटूंची एक वर्ष पाहणी केल्यावर असे आढळले की, अनवाणी धावणाऱ्यांना एकंदरीत दुखापती कमी झाल्या, परंतु ते धावलेही कमी. अंतराच्या हिशेबाने पाहता दोन्ही गटांत ठळक फरक उरला नाही. फरक होता तो दुखापतींच्या जागेत. अनवाणी धावणाऱ्यांत तळव्याच्या त्वचेच्या व पोटरीच्या तक्रारी अधिक होत्या, तर तळव्याच्या पट्ट्याचा दाह कमी होता. यंत्रशास्त्राने जे सुचविले होते तेच ह्या पाहणीत दिसून आले: भाराने जागा बदलली होती.

दरम्यान लोकांची आवडही पालटली. २०१७ नंतर जाड, परंतु हलक्या व उसळी देणाऱ्या तळाच्या शर्यतीच्या बुटांचा प्रसार झाला, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी बुटाच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित करावी लागली. केनियाच्या केल्विन किप्टमने २०२३ साली शिकागो येथे २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत मॅरॅथॉन पूर्ण केली ती अशाच जाड तळाच्या बुटांत. दहा-बारा वर्षांत आवड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. मनुष्याचे पाऊल मात्र तेच राहिले.

कोणी काय काळजी घ्यावी?

ह्या सर्व माहितीवरून काही व्यावहारिक नियम काढता येतात.

जो विद्यार्थी लहानपणापासून अनवाणी धावत आला आहे, त्याचे पाऊल त्या भारास सरावलेले असते. चांगल्या मैदानावर त्याने अनवाणी धावण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट, शर्यतीच्या दिवशी त्यास एकाएकी नवे, जाड, अपरिचित बूट घालावयास लावणे योग्य नव्हे. नव्या बुटांचा सराव काही आठवडे अगोदर सुरू करावा.

ज्याने जन्मभर बूट वापरले आहेत, त्याने एकदम अनवाणी किंवा पातळ बुटांत धावू नये. प्रथम काही आठवडे घरात अनवाणी चालावे व पातळ बुटांत चालणे वाढवावे. नंतर एक दिवसाआड, नेहमीच्या धावेपैकी काही मिनिटेच पातळ बुटांत काढावी, आणि हे प्रमाण काही महिन्यांत सावकाश वाढवावे. पोटरी जड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रपदास्थींवर एका ठिकाणी बोट दाबले असता दुखत असेल, किंवा सकाळी उठल्यावर घोडशीर ताठरलेली व दुखरी वाटत असेल, तर धावणे थांबवून वैद्यांचा सल्ला घ्यावा.

वाढीच्या वयातील मुलांच्या बाबतीत एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. साधारणतः ८ ते १४ वर्षांच्या मुलांच्या टाचेचे हाड पूर्ण जुळलेले नसते. घोडशिरेच्या ओढीने तेथे वेदना होऊ शकते. टाच दुखणाऱ्या अशा मुलास सपाट, पातळ तळाचे बूट त्रासदायक ठरतात. ‘पाय कणखर होईल’ म्हणून त्यास अनवाणी पळविणे चुकीचे आहे.

मधुमेहाच्या रोग्यांसाठी नियम अधिक कडक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक आहे. ह्या रोगात पुष्कळांच्या पायांतील संवेदना मंदावते. खडा रुतला वा फोड आला तरी कळत नाही, आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अनवाणी धावण्याचा मुख्य आधार म्हणजे तळव्याची संवेदना; जेथे तीच नाही तेथे हा प्रयोग करू नये.

शेवटी भूमीचा विचार. काचा, खिळे, उन्हाने तापलेले डांबर व सिंथेटिक धावपट्टी ह्यांच्यापासून घट्टेही रक्षण करू शकत नाहीत. दूषित ओलसर मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात व रक्तक्षय उत्पन्न करतात. जखमेतून धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात, म्हणून त्याची लस वेळेवर घेतलेली असावी. येथे पातळ तळाचा का होईना, पण बूट वा चप्पल असणे हेच श्रेयस्कर.

वर्गात करावयाचे प्रयोग

१. पाऊल पाण्यात बुडवून, खुर्चीवर बसल्या बसल्या ते कोऱ्या टिपकागदावर हलकेच टेकवावे. नंतर तेच पाऊल पुन्हा भिजवून दुसऱ्या कागदावर एका पायाने उभे राहावे. दोन ठशांतील कमानीचा भाग मोजून तुलना करावी. भाराखाली कमान किती दबते हे त्यावरून दिसेल.

२. झाडून स्वच्छ केलेल्या व तपासलेल्या मैदानावर १०० मीटर अंतर आखावे. एका विद्यार्थ्याने ते प्रथम बूट घालून व नंतर अनवाणी, सारख्याच मध्यम वेगाने धावावे. दुसऱ्याने पावले मोजावी, तिसऱ्याने पावलांचा आवाज ऐकून वर्णन लिहावे. निदान दहा विद्यार्थ्यांची नोंद झाल्यावरच अनुमान काढावे.

समारोप

पातळ तळाच्या बुटाने पाऊल बळकट होते व गुडघ्यावरील ताण हलका होतो. त्याच वेळी पोटरी, घोडशीर व प्रपदास्थी ह्यांच्यावरील ताण वाढतो. गादीच्या बुटाने पोटरीस विसावा मिळतो. त्याच वेळी गुडघ्यास अधिक भार उचलावा लागतो व तळव्याचे स्नायू आळसावतात. ह्यांपैकी कोणताही बूट सर्वांसाठी चांगला अथवा वाईट नाही. ज्याचा गुडघा दुर्बल आहे त्याची निवड एक असेल, ज्याची घोडशीर दुखते त्याची दुसरी. निवड कोणतीही असो, शरीरास नव्या भाराची ओळख करून देण्यास लागणारा वेळ वाचविता येत नाही.

प्रश्न

१. टाचेवर उतरणे व चवड्यावर उतरणे ह्यांत भार कोणकोणत्या अवयवांकडे जातो?

२. स्नायू, कंडरा व हाडे ह्यांना नव्या भाराशी जुळवून घेण्यास सारखाच वेळ लागतो काय? त्याचा दुखापतींशी संबंध स्पष्ट करा.

३. बिकिलाच्या दोन शर्यतींवरून बुटांविषयी अनुमान का काढता येत नाही? असे अनुमान काढण्यासाठी कोणता प्रयोग योजाल?

४. मधुमेही व्यक्तीने अनवाणी धावणे का टाळावे?